झाकण

तुर्कूच्या बंदरात सात नंबरच्या दारामागे
हरवलेल्या वस्तूंची खोली आहे. ती माझी.
एकोणीस वर्षं, शेवटची बोट रिकामी झाली
की सीटांखाली सापडलेलं मी टिपून ठेवते:
एका ओळीत एक वस्तू.
ना तारीख, ना कुणाचं नाव.
सहा हजार दोनशे अकरा ओळी.

सोमवारी वरच्या मजल्यावरून फोन आला,
लोक सर्वांत जास्त काय हरवतात?
कशाला हवंय, ते काही सांगितलं नाही.
बोटांवर मोजत बसले असते
तर समुद्राचा बर्फ वितळून पुन्हा धरला असता.

म्हणून तुओमो आला, तेवीस वर्षांचा,
ओल्या बुटांनी माझी फरशी खराब करत.
काळ्या पडद्यावर त्यानं टाइप केलं, युनिक,
पुढे एक आडवी रेघ, एक अक्षर: मोज.
आकडे आले, पण कसले!
हातमोजा तीन. छत्री एक. हातमोजा एक.
टोपी दोन. हातमोजा एक.
"याला मागची एकच ओळ आठवते," तो म्हणाला,
"शेजारी तसाच दुसरा असला तर ओळखतो,
मध्ये एखादी छत्री आली
की आपलाच माणूस परका."

मी हसले. आमच्या जिन्यात तर
शेजारी असूनही कुणी ओळखत नाही.

मग त्यानं आधी सॉर्ट लिहिलं,
नंतर एक उभी रेघ. तिला तो नळ म्हणतो,
इकडचं ओतलेलं तिकडे नेणारा.
आणि एकोणीस हिवाळे
अक्षरांच्या रांगेत मुकाट उभे राहिले,
हातमोज्याला हातमोजा लागला.
एक हजार दोनशे चार.
सगळे एकेकटे. जोडी कुणी विसरत नाही.

खाली पुन्हा हातमोजा: एकशे आठ.
"हे का वेगळे?"
त्यानं ओळीच्या टोकाशी बोट ठेवलं.
"इथं शब्दानंतर एक रिकामी जागा आहे.
दिसत नाही, पण याच्या लेखी ते अक्षरच."

तो हिवाळा मला आठवला.
एएरोनं आपले स्की नेले, किटबॅग नेली,
आणि माझा अंगठा
प्रत्येक शब्दानंतर लांब पट्टीवर पडून राहायचा.
रिकाम्या जागेचीही कुठे नोंद होत असेल
असं तेव्हा वाटलं नव्हतं.
"काढून टाकू?"
"टाक."
एक हजार तीनशे बारा.

शेवटी आणखी एक सॉर्ट, आकड्यांवर, उलटं.
मोठे वर, छोटे तळाशी.
वरच्यांना पहिल्या दहा ओळी पुरे होत्या,
तुओमोनं त्या पाठवल्या आणि कोट चढवला.
मी म्हटलं, थांब, मला खालचं बघायचंय.

खाली सगळे एक, एक, एक.
अकॉर्डियनचा पट्टा. एक.
दातांची कवळी, वरची. एक.
गोगलगाईंचा डबा, रिकामा. एक.
आणि लागून दोन ओळी:
कान्सी, निळं. एक.
कान्नू, निळी. एक.

झाकण आणि सुरई.
आमच्या भाषेत हे दोन शब्द
तिसऱ्या अक्षरापर्यंत एकत्र चालतात,
म्हणूनच रांगेत शेजारी आले.
युनिकनं दोघांकडे पाहिलं असणार
आणि वेगळे म्हणून पुढे गेला असणार.
त्याचं चुकलं नाही. अक्षरं वेगळीच आहेत.

झाकण माझ्या पहिल्या हिवाळ्यातलं.
कुणी मागायला आलं नाही,
तेव्हापासून त्यात टाचण्या ठेवते.
सुरई गेल्या जूनची, खिडकीत, पेनांनी भरलेली.
हाताच्या अंतरावर होती दोन्ही.

टाचण्या टेबलावर ओतल्या. पेनं काढली.
झाकण बसवलं.
बसलं. थोडं डुगडुगतंय,
कडेला एक टवका उडालाय, पण बसलं.

तुओमो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, "फाइलमध्ये एक करून टाकू का?
एका ओळीत?"

नको, म्हटलं.
हरवलं तर दोनदाच होतं ना.